दांडीपासून बटणापर्यंत

चारही चाकांच्या ओढीची जीप महाराष्ट्रात रुळली ती मुंबईच्या महिंद्रामुळे. 1945 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने चाळीसच्या दशकाअखेर विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपमध्ये पुढचा अ‍ॅक्सल जोडायला चालकाशेजारी लोखंडी दांडी असे. वाशीम जिल्ह्यातल्या केनवडसारख्या गावांत, पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात या ओढीची खरी किंमत कळते. दांडी अडली तर मिस्त्री हातानेच दोष शोधी.

पुढे महिंद्राच्याच स्कॉर्पिओ गाडीच्या काळात दांडीची जागा बटणाने घेतली. बटणाचा संकेत नियंत्रक पेटीकडे जातो, पेटी पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलकडे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवरची मोटर फिरवते आणि मोटरीतला सेन्सर स्थिती परत कळवतो. त्यामुळे डॅशबोर्डवरचा या ओढीचा दिवा लुकलुकला की दोष पेटीचाच असे नाही. उतावळेपणाने बदललेली महागडी पेटी बहुधा निर्दोषच निघते. आधी फ्यूज, बॅटरीचा दाब, अर्थिंग, गंजलेले कनेक्टर तपासायचे, मग मोटर आणि सेन्सर. हे सारे ठीक असून मोटरीला आदेशच पोचत नसेल, तरच पेटीवर संशय. पेटी बदलताना बॅटरीची ऋण तार सोडतात, सुट्या भागाचा क्रमांक जुळवतात. काही गाड्यांत नव्या पेटीचे प्रोग्रॅमिंगही करावे लागते.