आपट्याहून इर्शाळवाडीकडे

आपटा या गावाचे रेल्वे स्थानक कोट्यवधी भारतीयांनी पाहिले आहे. ते आपट्याचे आहे हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. १९९५ साली आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटाचा शेवट, म्हणजे सुटलेली गाडी, दारातून पुढे आलेला नायकाचा हात आणि फलाटावरून धावत येणारी नायिका, हे सारे येथे चित्रित झाले. चित्रपटात ते पंजाबातले स्थानक आहे. पनवेल तालुक्यातील एका गावाने पंजाबची भूमिका केली आणि श्रेयनामावलीच्या पलीकडे त्याचे नाव फारसे कोणाच्या ओठी आले नाही. फलाटावरच्या बाकावर बसलेल्या एका आजोबांना आम्ही त्याविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “शिनेमातलं ना? बघायला येतात बरेच. गाडीला मात्र आम्हीच असतो.”

त्या रविवारी आम्ही चौघे पनवेलहून निघालो ते ‘डोंगरातली निसर्गरम्य गावे’ पाहण्यासाठी. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीयाला पावसाळा लागला की ही हौस येतेच. निघताना एवढेच ठरवले होते, की वाटेतल्या प्रत्येक गावाला ‘येथून काय दिसते?’ याच्या जोडीला ‘येथे काय घडले?’ हेही विचारायचे. दिवसभराच्या प्रवासाअंती या दोन प्रश्नांमधील अंतर आम्हांला अपेक्षेपेक्षा बरेच मोठे आढळले.

पनवेल सोडल्यावर पहिले गाव पळस्पे. आज त्याचे नाव फाट्यामुळे माहीत असते. गोव्याचा रस्ता येथे वेगळा होतो. थोडे पुढे शिरढोण. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि १८१८ साली कर्नल प्रॉथर याने तो किल्ला जिंकला, तेव्हा त्या घराण्याचा अधिकार संपला. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. १९६८ पासून त्याच्या पायथ्याशी पक्षी अभयारण्य आहे आणि आता तेच त्या डोंगराचे मुख्य परिचयपत्र झाले आहे. परंतु शिवाजी महाराजांनी १६७० साली हा किल्ला मोगलांकडून घेतला, त्यात सुळक्याच्या सौंदर्याचा काही संबंध नव्हता. खाडीवरच्या बंदरांतून बोरघाटाकडे जाणारा माल आणि फौजा यांच्यावर ज्याला नजर ठेवायची, त्याला कर्नाळा हवाच असे. डोंगर तेव्हा पाहण्याची वस्तू नव्हता; तो पाहणारा होता.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. मे १८७९ मध्ये फडक्यांच्या बंडातील दौलतराव नाईक यांच्या तुकडीने घाट उतरून पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घातले. परतताना इंग्रज फौजेशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारले गेले आणि बंडाचा कणा मोडला. या बंडात रामोशी, कोळी, धनगर अशा जमातींतली माणसे होती. घाटमाथा आणि कोकण यांना जोडणाऱ्या आडवाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या. डोंगरातली गावे या वाटांनी एकमेकांशी जोडलेली होती. आज आम्ही त्यांना ‘दुर्गम’ म्हणतो. ती मोटारीच्या रस्त्यापासून दूर आहेत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

आपटा हे पाताळगंगेच्या काठी, खाडीचा अंमल संपून नदी सुरू होते त्या सीमेजवळ वसलेले आहे. दसऱ्याला ज्याची पाने सोने म्हणून लुटतात त्या झाडाचे नाव गावाला आहे, आणि आपटे हे आडनावही या गावावरून पडले असे सांगतात. साठच्या दशकात येथवर रूळ आले. ते पुढे रोह्याला पोहोचायला १९८६ साल उजाडले. मधली दोन दशके कोकणाच्या रेल्वेचे स्वप्न आपट्याच्या फलाटाशी येऊन थांबलेले होते.

पाताळगंगेचे पाणी मात्र थांबत नाही. भर उन्हाळ्यातही या नदीला पाणी असते, याचे पर्यटकाला कौतुक वाटते. त्याचे कारण डोंगरापलीकडे आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेतून १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांत अडवलेले पाणी नळांवाटे घाटाखाली सोडले जाऊ लागले. जे पाणी इंद्रायणी-भीमेच्या वाटेने पूर्वेकडे गेले असते, ते मुंबईसाठी वीज निर्माण करून पश्चिमेला पाताळगंगेत उतरते. हे बारमाही पाणी पुढे कारखान्यांच्याही कामी आले. आपट्याहून निघालो की थोड्याच वेळात रसायनी लागते. हे स्थलनाम रसायनांच्या कारखान्यांचे, जुनी गावे मोहोपाड्यासारखी. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि सत्तरच्या दशकारंभी तिचे येथील उत्पादन सुरू झाले. २०१७ साली केंद्र सरकारने, अवकाश संशोधनाला लागणाऱ्या इंधनाचा एक विभाग वगळून, येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या कारखान्यावरून परिसर ओळखला गेला, तो गावकऱ्यांच्या एका पिढीच्या डोळ्यांदेखत आला आणि गेला. नाव राहिले.

दांड फाट्याला जुना मुंबई-पुणे रस्ता भेटतो आणि चौक येते. पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढणाऱ्या वाटेवरचे हे जुने गाव. सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ लागली, तेव्हा या वाटेची रहदारी वाढली. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून समोरचा डोंगर चढून गेला आणि त्याने माथेरान ‘शोधले’ अशी नोंद झाली. त्या डोंगरावर आणि त्याच्या उतारांवर धनगर, ठाकर, कातकरी राहत होते. त्यांना तो आधीच सापडलेला होता. पुढे १९०७ साली माथेरानची छोटी गाडी सुरू झाली ती नेरळहून. ज्या गावातून वाट वर गेली, ते चौक पर्यटकांच्या नकाशाच्या कडेला सरकले.

चौकच्या मागे इर्शाळगड उभा आहे आणि आमचा रस्ता तेथेच संपणार होता. गडाच्या उतारावर ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी होती: अठ्ठेचाळीस घरे, सुमारे सव्वादोनशे माणसे. गाडीरस्ता नव्हता. गडावर जाणारे भटके वाडीत थांबत, पाणी पीत, जेवत आणि वर जात. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. बचावपथकांना पायी चढून जावे लागले, यंत्रे वर नेता आली नाहीत आणि पावसामुळे हेलिकॉप्टरही उडू शकले नाही. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसे बेपत्ता असताना २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. धोकादायक गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे तेव्हा विधिमंडळात सांगितले गेले. वाचलेल्यांसाठी पुढे खाली चौकजवळ घरे बांधण्यात आली.

३० जुलै २०१४ ला माळीण आणि २२ जुलै २०२१ ला तळिये. दोन्ही गावे सह्याद्रीच्या कुशीत, हिरवीगार, छायाचित्रात शोभून दिसणारी. त्यांची नावे महाराष्ट्राला कळली ती ती गाडली गेल्यावर. इर्शाळवाडीबाबत तर तीही सबब नाही. शेकडो गिर्यारोहक दर पावसाळ्यात त्या अंगणांमधून गेले होते. म्हणजे वाडी आमच्या छायाचित्रांत होती आणि सरकारच्या यादीत नव्हती. पाहणाऱ्यांनी नोंदवले नाही, नोंदवणाऱ्यांनी पाहिले नाही.

या पाहणाऱ्यांत आम्हीही आहोत. आमच्यापैकी दोघे पूर्वी इर्शाळगडावर गेलेले. त्या वेळचे एक छायाचित्र आमच्यापाशी आहे: मध्यभागी सुळका, त्यावर ढग, आणि चौकटीच्या खालच्या कडेला अर्धी कापलेली चार छपरे. त्यांतल्याच एका घरी तांदळाची भाकरी आणि चवळीची आमटी खाल्ल्याचे स्मरते. घर कोणाचे होते ते आम्ही विचारले नव्हते. छायाचित्राच्या मागे ‘इर्शाळगड, पावसाळा’ एवढेच लिहिलेले आहे.

डोंगरातील गावांचा इतिहास लिहिण्यासाठी साधनांची वानवा आहे, अशी तक्रार आम्ही नेहमी करतो. किल्ल्यांच्या बखरी असतात, घाटाच्या पुलांवर शिलालेख असतात, रेल्वेच्या तारखा असतात. वाड्यांचे मात्र काहीच नसते. ही तक्रार खरी आहे, पण या प्रवासानंतर ती आम्हांला पूर्वीइतक्या निर्धास्तपणे करता येणार नाही. दर रविवारी हजारो साक्षर माणसे या वाटांनी जातात. त्यांनी वाडीचे नाव, घरांची संख्या, उतारावर पडलेली नवी भेग, आटलेला झरा एवढे जरी लिहून ठेवले आणि तहसील कचेरीपर्यंत पोहोचवले, तरी ते साधनच होईल.

संध्याकाळी परतताना आम्ही पुन्हा आपट्यावरून आलो. दिवा-रोहा गाडी आली, पाच-सात माणसे उतरली आणि पाऊलवाटांनी आपापल्या पाड्यांकडे पांगली. घरी आल्यावर आम्ही ते छायाचित्र काढले आणि मागच्या ओळीत दुरुस्ती केली: इर्शाळवाडी, तालुका खालापूर, चार घरे.