रिकामी खोबण : कृत्रिम नेत्रगोल आणि पुवाच्या भीतीचा इतिहास

कामात खोडा घालणाऱ्या माणसाला आपण ‘झारीतील शुक्राचार्य’ म्हणतो. बळीराजाच्या हातून दानाचे पाणी सुटू नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरून बसले, वामनाने दर्भाची काडी खुपसली आणि त्यांचा एक डोळा फुटला, ही कथा आपल्याला लहानपणापासून पाठ असते. फुटलेल्या डोळ्याचे पुढे काय झाले, हे मात्र कथा सांगत नाही. त्यांच्यामागे एकाक्ष हे नाव तेवढे लागले.

वैद्यकशास्त्रानेही हा प्रश्न फार काळ असाच सोडून दिला होता. आजसुद्धा अंधत्वाची गणना करताना दोन डोळ्यांपैकी जो अधिक चांगला, त्याची दृष्टी मोजतात. एक डोळा शाबूत असलेला माणूस या हिशेबात अंध ठरत नाही. हिशेब त्याच्या जागी योग्य आहे. पण त्यामुळे एक डोळा गमावलेला माणूस त्या रकान्यातून निसटतो. त्याला दिसते, तो चालतो-फिरतो, कामधंदा करतो, तेव्हा त्याच्याविषयी वेगळे काही विचारावे असे कोणाला वाटत नाही. लग्नाच्या बैठकीत, नोकरीच्या मुलाखतीत, शाळेच्या वर्गात त्याच्या वाट्याला जे येते, ते कोणत्याच तक्त्यात उतरत नाही. या लेखाचा विषय तीच रिकामी राहिलेली खोबण आहे. ती भरावी की नाही, हा वाद शंभराहून अधिक वर्षे प्रामुख्याने एका शब्दापाशी अडून बसला होता. तो शब्द म्हणजे पू.

आधी दोन गोष्टींतला फरक ध्यानात घेऊ. लोक ज्याला काचेचा डोळा म्हणतात, ती पुढून दिसणारी एक पातळ, रंगवलेली कवची असते; रुग्ण ती काढू-घालू शकतो. तिच्यामागे, खोबणीच्या आत, शस्त्रक्रियेने कायमचा बसवलेला एक गोळा असतो. तो कोणाला दिसत नाही. काढलेल्या नेत्रगोलाची जागा तो भरून काढतो. तो नसेल तर वरची पापणी खोल जाते, कवची मोठी आणि जड करावी लागते, तिच्या भाराने खालची पापणी लोंबते आणि कृत्रिम डोळा हलत नाही. लहान मुलाच्या बाबतीत तर खोबणीची वाढच मंदावते आणि चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा लहान राहते. म्हणून खरा प्रश्न कवचीचा नसून त्या आतल्या गोळ्याचा आहे.

डोळा काढण्याची शस्त्रक्रिया जुनी आहे. ड्रेस्डेनच्या गेओर्ग बार्टिशने 1583 साली जर्मन भाषेत नेत्ररोगांवरील सचित्र ग्रंथ छापला. त्यात ती सांगितली आहे. भूल देण्याची सोय नव्हती, रक्तस्राव आवरत नसे, आणि काढलेल्या जागी पुढे काय ठेवायचे हा विचार मनात येण्यासारखी परिस्थितीच नव्हती. एकोणिसाव्या शतकात दोन सुधारलेल्या पद्धती रूढ झाल्या. एकीत स्नायू कापून अख्खा नेत्रगोल काढतात. दुसरीत नेत्रगोलाचे बाहेरचे पांढरे कवच जागच्या जागी ठेवून आतला भाग पोखरून घेतात.

तरीही डोळा काढायचाच कशासाठी? कधी कर्करोगासाठी, कधी न थांबणाऱ्या वेदनेसाठी, तर कधी दुसरा डोळा वाचवण्यासाठी. एका डोळ्याला खोल जखम झाली की काही रुग्णांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती चांगल्या डोळ्यावरही उलटते. फ्रान्समधील लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात आरी लागून त्याचा एक डोळा गेला, आणि पाच वर्षांचा होईतो दुसराही गेला. अनेक नेत्रतज्ज्ञ हे त्याच प्रतिक्रियेचे उदाहरण मानतात. अंधांची लिपी देणाऱ्या माणसाची ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण जखमी डोळा वेळेत काढावा की राखावा, या शस्त्रवैद्यांच्या पेचाचीही ती कथा आहे.

1885 साली इंग्लंडमधील मँचेस्टरच्या फिलिप हेन्री म्यूल्स या शस्त्रवैद्याने पोखरलेल्या नेत्रगोलाच्या कवचात काचेची पोकळ गोळी बसवल्याचे प्रसिद्ध केले. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेचा आग्रह 1867 मध्ये धरला होता. म्यूल्सचे धाडस त्या नव्या विश्वासावर उभे होते. काही वर्षांतच अख्खा डोळा काढलेल्या खोबणीतही गोळा बसवू लागले. मग साहित्याचा शोध सुरू झाला. सोने, चांदी, हस्तिदंत, बूच, रबर, लोकर, स्पंज, मेण, हाड, चरबी असे हाताला येईल ते वापरून पाहिले गेले. ही यादी वाचताना हसू येते, पण तिच्यामागे एकच हट्ट होता : शरीर परके मानणार नाही असे काहीतरी सापडावे. शरीर बहुधा परके मानतच असे. गोळ्यावरचे आवरण झिजे, गोळा उघडा पडे, जंतू शिरत आणि अखेर तो बाहेर येई.

दुसऱ्या महायुद्धाने पुढची कवची बदलली. उत्तम काचेचे डोळे जर्मनीतून, विशेषतः थुरिंगियातील लाउशा गावातून येत. युद्धामुळे तो पुरवठा थांबला आणि डोळे गमावलेले सैनिक तर वाढत होते. तेव्हा अमेरिकन लष्करातील दंतवैद्यक विभागाच्या तंत्रज्ञांनी कवळीसाठी वापरात असलेल्या अ‍ॅक्रिलिकपासून डोळे घडवले. आज आपल्याकडे बसवले जाणारे बहुतेक कृत्रिम डोळे त्याच वंशातले आहेत. त्याच दशकात आतला गोळा आणि बाहेरची कवची एकमेकांना खुंटीने जोडण्याचे प्रयोग झाले. डोळा सुरेख हलू लागला, पण खुंटीसाठी आवरण उघडे ठेवावे लागे आणि त्या वाटेने जंतू आत जात. सुंदर दिसणारे ते रोपण काही काळाने पुवाने भरत असे, म्हणून ती पद्धत मागे पडली.

परक्या वस्तूभोवती पू इतका सहज का होतो, याचे नेमके उत्तर 1957 साली लंडनमधील इलेक आणि कोनेन यांच्या प्रयोगातून मिळाले. स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस जंतू टोचले, तर गळू होण्यास लाखांच्या पटीत जंतू लागत. त्याच जागी रेशमाचा एक टाका ठेवला, की काही शेकडा जंतू पुरत. एवढासा धागा शरीराचे संरक्षण इतके दुबळे करतो, तर खोबणीत ठेवलेल्या गोळ्याचे काय? या प्रयोगाने शस्त्रवैद्यांच्या जुन्या धास्तीला आकडा दिला. नियम पक्का झाला : जेथे पू, तेथे गोळा नाही. डोळ्यात जंतुसंसर्ग माजला असेल तर डोळा पोखरून घ्या, जखम भरू द्या, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत गोळा बसवा.

नियम शहाणपणाचा होता, पण त्याची किंमत कोण देत होते ते पाहा. दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे पुन्हा प्रवास, पुन्हा रजा, पुन्हा खर्च. ज्याचा दुखरा डोळा गेला आणि वेदना थांबली, तो शेतमजूर परत येईलच असे नाही. मधल्या काळात खोबण आकसते, व्रणाने घट्ट होते आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. कागदावर दोन टप्प्यांचा असलेला उपचार कित्येकांसाठी पहिल्याच टप्प्यावर संपत होता.

या कोंडीतून वाट काढली ती दोन दिशांनी. पहिली साहित्याची. अमेरिकेतील आर्थर पेरी यांनी 1985 पासून प्रवाळापासून केलेला गोळा वापरला. समुद्रातील प्रवाळाच्या चुन्याचे उष्णतेने व दाबाने रूपांतर केले की हाडात असते तेच हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट तयार होते. प्रवाळाची सच्छिद्र जाळी तशीच राहते. या छिद्रांतून रुग्णाच्या रक्तवाहिन्या आत वाढतात. रक्त पोहोचले की रक्तातल्या संरक्षक पेशी आणि औषधेही पोहोचतात. 1989 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. पुढे सच्छिद्र पॉलिथिलिनचे गोळेही आले. जुनी खुंटीही परत आली आणि तिच्यासोबत जुने संसर्गही. म्हणून आता ती क्वचितच वापरतात.

दुसरी दिशा मोजणीची. पू असताना गोळा बसवलाच तर खरोखर किती रुग्णांत तो बाहेर येतो, हा साधा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. डोळा पोखरताना पुवाचा सगळा साठाच बाहेर जातो, कवच स्वच्छ धुता येते, प्रतिजैविके हाताशी आहेत. मग बंदी सरसकट का असावी? 2000 साली अमेरिकेतून अशा मोजक्या रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. नंतर भारतातील नेत्रसंस्थांनीही आपले अनुभव मांडले. निष्कर्ष एकमुखी नाहीत. कवचच सडले असेल किंवा संसर्ग खोबणीत पसरला असेल, तर आजही थांबणेच बरे. परंतु नीट पारखून घेतलेल्या रुग्णांत एकाच शस्त्रक्रियेत गोळा बसवता येतो, हे आता मान्य झाले आहे. एका शतकाचा नियम कोणा थोर पुरुषाच्या वचनाने सैल झाला नाही. लहान लहान, प्रामाणिक नोंदींनी तो सैल केला.

भारतातून हा प्रश्न इतक्या निकडीने का पुढे आला, हे हैदराबादच्या वाचकांना अधिक जवळून उमगेल. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने 1991 ते 2000 या दहा वर्षांतील कॉर्नियाच्या बुरशीजन्य संसर्गाच्या 1352 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत 962 पुरुष होते. सुमारे 64 टक्के रुग्ण 16 ते 49 या कमावत्या वयातले होते. निम्म्याहून अधिकांच्या डोळ्याला आधी काहीतरी लागलेले होते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हे प्रमाण वाढे. म्हणजे भाताचे कुसळ, उसाचे पाते, कडब्याची काडी. शुक्राचार्यांचा डोळा दर्भाने गेला. आमच्या शेतकऱ्याचाही डोळा गवताच्याच जातीने जातो. मग घरचे कोणी डोळ्यात मध घालते, कोणी दूध, दुकानातून स्टेरॉइडचे थेंब येतात, आणि फूल पडण्यावर भागले असते तेथे अख्खा डोळा पोखरावा लागतो.

यावर औषध कोणते, याचाही निवाडा याच भूमीत झाला. अरविंद नेत्र रुग्णालयाच्या केंद्रांत 323 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल 2013 मध्ये आले. नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा जुने नाटामायसिन सरस ठरले, विशेषतः फ्युझेरियम या बुरशीवर. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. वेळेत पडलेला हा थेंब कोणत्याही प्रवाळाच्या गोळ्याहून मोलाचा आहे, कारण त्याने खोबण रिकामी होण्याचीच वेळ टळते.

2021 च्या उन्हाळ्यात मात्र ही सारी प्रगती थिटी पडली. कोविडनंतरच्या काळ्या बुरशीने नाकातून सायनसमध्ये आणि तेथून खोबणीत प्रवेश केला. देशभरातील 2826 रुग्णांची माहिती भारतीय नेत्रतज्ज्ञांनी एकत्र केली. त्यांत सर्वाधिक, 22 टक्के, गुजरातचे होते आणि 21 टक्के महाराष्ट्राचे. 78 टक्क्यांना मधुमेह होता, 87 टक्क्यांना स्टेरॉइड दिलेले होते. 14 टक्के दगावले. सुमारे तिघांतल्या एकाची खोबण, स्नायू-चरबीसह, पूर्ण रिकामी करावी लागली. अशा खोबणीत गोळा बसवण्याचा प्रश्नच नसतो. बुरशी परत येते का हे पाहण्यासाठी ती डोळ्यांसमोर राहावी लागते. पुढे चष्म्याला किंवा त्वचेला चिकटणारा मुखवट्यासारखा कृत्रिम भाग बनवतात. जुना नियम येथे आजही तसाच लागू आहे.

वडोदरा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या कुटुंबांपैकी कित्येकांनी ते दिवस जवळून पाहिले. जे वाचले, ते पुन्हा त्याच न मोजलेल्या गर्दीत मिसळले : दुसऱ्या डोळ्याने दिसते, म्हणून अंध नाहीत, रोग बरा झाला, म्हणून रुग्ण नाहीत. 2826 रुग्णांची नोंद झाली म्हणून रोगाचे रूप आपल्याला कळले. त्यांतले किती जण नंतर कृत्रिम डोळा बसवायला परतले, किती जण काळ्या चष्म्याआड राहिले, हेही तितक्याच काळजीने मोजले जायला हवे. आपल्या नात्यागोत्यात असे कोणी असेल, तर ‘आता बरे आहे ना?’ एवढ्यावर न थांबता, पुढच्या तपासणीला कोण सोबत जाणार आहे, हेही विचारावे.