श्रेयांक हस्तांतरण

एका महाविद्यालयात किंवा विद्यापीठात पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक दुसऱ्या संस्थेने स्वतःच्या पदवीसाठी मान्य करण्याची प्रक्रिया. बोलण्यात ‘क्रेडिट ट्रान्सफर’. वडिलांची बदली, लग्न, आजारपण, फीची अडचण किंवा निवडलेला विषयच न मानवणे, अशा कारणांनी शिक्षण अर्ध्यावर सुटते. सुटलेला विद्यार्थी पुन्हा शिकायला आला, की पास झालेले विषय त्याने पुन्हा द्यायचे का, या प्रश्नाचे उत्तर ही प्रक्रिया देते.

श्रेयांक हे अभ्यासाला दिलेल्या वेळेचे माप आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत एका सत्रात व्याख्यानांचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे साधारण एक श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या पदवीला १६० लागतात. महाराष्ट्रात सत्राला २२ पर्यंत श्रेयांक ठेवता येत असल्याने हे आकडे १३२ आणि १७६ पर्यंत जातात. श्रेयांक पदरात पडतात ते विषय पास झाल्यावरच. एटीकेटीत अडकलेल्या विषयाचे काहीच पुढे नेता येत नाही.

तास मोजण्याची ही रीत अमेरिकेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढली. तिच्यात येऊ इच्छिणाऱ्या महाविद्यालयांना प्रवेशासाठी शालेय अभ्यासाचे ठरावीक एकक मानावे लागले आणि तासांवर शिक्षण मोजण्याला त्यातून जोर मिळाला. युरोपात १९८७ मध्ये इरॅस्मस ही विद्यार्थी-देवाणघेवाण योजना सुरू झाली. परदेशात काढलेले सत्र मायदेशी धरले जावे म्हणून १९८९ पासून सामायिक श्रेयांकपद्धतीचा प्रयोग झाला. तिच्यात पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० श्रेयांकांचा असतो.

आपल्याकडे विद्यापीठ बदलणे म्हणजे दीर्घकाळ कागदपत्रांची वारी होती. जुन्या कॉलेजची टीसी, विद्यापीठाचे मायग्रेशन सर्टिफिकेट, गुणपत्रिका आणि सही-शिक्क्याचा अभ्यासक्रम घेऊन नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागात जायचे आणि तिथे विषय ताडून होईपर्यंत थांबायचे. अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्यांना मात्र थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट पूर्वीपासून मोकळी आहे. पॉलिटेक्निकमधून आलेल्या असंख्य मराठी मुलामुलींनी तिचा लाभ घेतला. पण तिथे मान्यता मिळते ती अख्ख्या पहिल्या वर्षाला, एकेका विषयाला नव्हे.

हे चित्र बदलण्यासाठी आयोगाने जुलै २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे, म्हणजे ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे विनियम काढले. दक्षिण कोरियात या नावाची व्यवस्था १९९८ पासून चालू होती. विद्यार्थी डिजिलॉकरमार्फत बारा अंकी एबीसी आयडी काढतो, संस्था त्याच्या खात्यात श्रेयांक जमा करते. गुणपत्रिका घेऊन विद्यार्थी स्वतः ते जमा करू शकत नाही. जमा श्रेयांक कमाल सात वर्षे वापरता येतात. एका पदवीसाठी वापरले, की ते खात्यातून कायमचे वजा होतात. शिवाय पदवी देणाऱ्या संस्थेतूनच निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात.

महाराष्ट्रात नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आकृतिबंध २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि पदव्युत्तर वर्गांना, तर पुढच्या वर्षी संलग्न महाविद्यालयांत आला. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका मिळू शकते, पण त्यासाठी चार श्रेयांकांचा जादा कौशल्य-अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडणाऱ्याला ही अट जड जाते. कामाला लागण्याची घाई असते नेमकी तेव्हाच ती पुढे येते.

खाते असणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. जागा रिकामी हवी, पात्रता बसायला हवी आणि कोणता विषय कशाच्या जागी धरायचा हे नव्या संस्थेला ठरवावे लागते. खरी गळती इथेच होते. समजा, एका विद्यापीठाने संख्याशास्त्र दुसऱ्या सत्रात शिकवले आणि दुसऱ्याने ते चौथ्या सत्रात, वेगळ्या घटकांसह ठेवले आहे. अशा वेळी ते मुख्य विषय म्हणून न धरता खुला ऐच्छिक विषय म्हणून धरले जाऊ शकते. श्रेयांकांची बेरीज कागदावर तीच राहते, पण मुख्य विषय पुन्हा करावा लागतो आणि पदवी एका सत्राने लांबते. श्रेयांक खात्यात आले एवढ्यावर हस्तांतरण यशस्वी मानणे म्हणूनच अपुरे आहे. किती श्रेयांक मुख्य विषयांत बसले, हे विद्यार्थ्याला प्रवेशाआधी लेखी कळले पाहिजे.

श्रेयांकपद्धतीत मुरलेल्या अमेरिकेतही हे दुखणे आहे. २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले, असा अंदाज तिथल्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात मांडला. यावर तोडगा म्हणून अनेक राज्यांत दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे आणि विद्यापीठे आधीच करार करून कोणता विषय कशाच्या जागी चालेल हे ठरवून ठेवतात. बऱ्याच विद्यापीठांत बाहेरचे श्रेयांक धरले जातात, पण तिथली श्रेणी नव्या सरासरीत मिळवली जात नाही.

पुण्या-मुंबईहून जर्मनीला जाणाऱ्यांना आणखी एक हिशेब करावा लागतो. वर्षाला ४० भारतीय श्रेयांक धरले, तर युरोपातल्या ६० च्या तुलनेत एकाला दीड असे ढोबळ प्रमाण निघते. पण निवड करणारे प्राध्यापक त्या बेरजेवर थांबत नाहीत, गणिताचे किती आणि मूळ विषयाचे किती हे ते वेगळे मोजतात. त्यामुळे घटकवार अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत जपून ठेवणे गुणपत्रिकेइतकेच गरजेचे ठरते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांनाही श्रेयांक मिळतात. एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत असे अभ्यासक्रम घेण्याची मुभा संस्थांना आयोगाने २०२१ मध्ये दिली, आधी ही मर्यादा २० टक्के होती. मात्र तो अभ्यासक्रम आपल्या संस्थेने आधी मंजूर केलेला असावा लागतो. ते न पाहता परीक्षा दिली, तर प्रमाणपत्र हाती येऊनही श्रेयांक जमा न होण्याची शक्यता असते.

वैद्यकासारख्या शाखांत नियामक परिषदांचा शब्द शेवटचा. २०२२ च्या युद्धामुळे युक्रेनहून परतलेल्या हजारो वैद्यकीय विद्यार्थ्यांना भारतीय महाविद्यालयांत सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, अशी भूमिका केंद्राने सर्वोच्च न्यायालयात घेतली. त्या सप्टेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्यांना युक्रेनमधील विद्यापीठाचे विद्यार्थी राहूनच इतर देशांतल्या विद्यापीठांत तात्पुरते शिकण्याची परवानगी दिली. पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच राहणार होती.