ऐयार, शिंगरू आणि रुमस्प्रिंगा

दूरदर्शनवर १९९४ मध्ये ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी मराठी घरांतली दहा-बारा वर्षांची पोरं ‘ऐयार’ आणि ‘तिलिस्म’ हे शब्द बिनदिक्कत वापरू लागली. अर्थ कुणी सांगितला नव्हता आणि कुणी विचारलाही नव्हता. गोष्ट पुढे सरकत होती, तिच्यामागून शब्द येत होते. हलकीफुलकी कादंबरी वाचणाऱ्याला काय देते, असं कुणी विचारलं की मला आधी हेच आठवतं.

या शब्दांचं गाव काशी. ही मालिका ज्यांच्या हिंदी कादंबरीवर बेतली होती, ते देवकीनंदन खत्री काशीला स्थायिक झाले होते आणि काशीनरेशांकडून त्यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. ठेकेदारीच्या निमित्ताने रानोमाळ फिरताना पडके किल्ले, भुयारं, ओसाड वाडे पाहिले. पुढे तेच ‘चंद्रकांता’त उतरले. कादंबरी १८८८ मध्ये छापली जाऊ लागली. नौगढ, विजयगढ आणि चुनार ही तिच्यातली राज्यं आजही नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. नंतर ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग आले. १८९८ मध्ये खत्रींनी काशीतच स्वतःचा लहरी प्रेस काढला. छापखान्याला ‘लहरी’ हे नाव सुचणाऱ्या माणसाने पुस्तकं कशासाठी लिहिली असतील, हे वेगळं सांगायला नको.

ऐयार म्हणजे वेषांतर करणारा, कमरेला बटवा, खांद्यावर कमंद आणि शत्रूला बेशुद्ध करण्याची पूड बाळगणारा राजाचा हेर. बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणायला तो जे हुंगायला देतो, त्याला ‘लखलखा’ म्हणतात. ‘ऐयार’ हा शब्द मूळचा अरबी, भटकणाऱ्याचा. मध्ययुगीन इराक-इराणच्या शहरांत ‘अय्यार’ नावाच्या तरुणांच्या टोळ्या होत्या; काहींच्या लेखी ते गुंड, काहींच्या लेखी शूर आणि दिलदार. सीस्तानचा याकूब बिन लैस हा तांबटाचं काम करणारा असाच एक अय्यार नवव्या शतकात राज्यकर्ता झाला. उर्दूत येईपर्यंत शब्दाला धूर्तपणाचा वास लागला आणि खत्रींनी त्याला पुन्हा इमान दिलं: त्यांचे चांगले ऐयार धन्याशी बेइमानी करत नाहीत. बदनाम शब्दाची अब्रू एका करमणुकीच्या कादंबरीने परत मिळवून दिली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

‘तिलिस्म’चा प्रवास आणखी लांबचा. ग्रीक ‘तेलेस्मा’ म्हणजे पुरा केलेला विधी. त्याचं अरबीत ‘तिलस्म’ झालं, युरोपात ‘टॅलिझमन’ झालं आणि इकडे किस्से रंगवून सांगणाऱ्या दास्तानगोईतून मंतरलेला, कळ सापडल्याशिवाय न उघडणारा प्रदेश असा अर्थ आला. अरबी ‘जासूस’चंही असंच. मराठी दफ्तरांत त्याचा ‘जासूद’ झाला आणि तो पत्रं पोचवू लागला. काशीच्या शेजारच्या गहमरचे गोपालराम गहमरी यांनी ‘जासूस’ मासिक काढलं तेव्हा तोच शब्द गुन्ह्यांचा शोध लावू लागला.

काशीतच बसून आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी हिंदी साहित्याचा इतिहास लिहिला. खत्रींच्या कादंबऱ्यांचा भर घटनांच्या चमत्कारावर आहे, म्हणून त्यांना साहित्याच्या पंक्तीत बसवता येणार नाही, हा त्यांचा निवाडा. पण जितके वाचक खत्रींनी निर्माण केले तितके दुसऱ्या कुणी केले नाहीत, आणि केवळ ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी कित्येक उर्दू जाणणारे हिंदी शिकले, हेही त्यांनीच नोंदवलं. मला यातलं दुसरं वाक्य जास्त वजनदार वाटतं. एका भाषेची लिपी शिकायला लावण्याइतकी ओढ ज्या गोष्टीत आहे, ती साहित्य नाही असं कसं म्हणायचं?

या साहित्यप्रकाराच्या नावाबाबत मराठी हिंदीपेक्षा मोकळी आहे. हिंदीत बंगालीवरून ‘उपन्यास’ आला. संस्कृतात त्याचा अर्थ जवळ ठेवणं, मांडणी करणं. दक्षिणेत तोच शब्द व्याख्यानाला लावतात. मराठीने आणि कन्नडने मात्र बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या कथेचं, तिच्या गंधर्वकन्या नायिकेचं नाव उचललं आणि सगळ्या प्रकारालाच ‘कादंबरी’ म्हटलं. संस्कृतात कादंबरी म्हणजे कदंबाच्या फुलांपासून काढलेलं मद्यही. धुंदी आधीच नावात आहे.

आता वाचणाऱ्या पोरांचं वय. नऊ ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी इंग्रजीत ‘ट्वीन’ असा शब्द रूढ झाला, धड लहान नाही आणि धड मोठं नाही अशा मधल्यांसाठी. टोल्किनने १९५४ मध्ये तो वेगळ्याच अर्थाने वापरला होता: त्याचे हॉबिट तेहेतिसाव्या वर्षी जाणते होतात, म्हणून त्यांची बेजबाबदार विशी म्हणजे ‘ट्वीन’. आपल्या परंपरेत या वयाची वाटणी अधिक बारकाईने आहे. पाच वर्षांपर्यंत कुमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत किशोर. मराठीने यात उलथापालथ केली. पौगंडावस्था मिसरूड फुटण्याच्या वयाला चिकटली, आणि कुमार तर पुढे सरकत सरकत ‘कुमार साहित्या’त जाऊन बसला. फास्टर फेणेच्या सायकलमागे धावणारा वाचक जुन्या हिशेबाने कुमार नव्हेच. तो किशोर. बालभारतीने १९७१ मध्ये मासिक काढताना हेच नाव निवडलं, ते अचूक होतं. अमरकोशात ‘किशोर’ घोड्यांच्या प्रकरणात सापडतो: किशोर म्हणजे शिंगरू.

शिंगराच्या उड्यांवरून मला नेहमी दूरच्या एका मुलखातला शब्द आठवतो. १६९३ मध्ये याकोब अमान याच्या मागे निघालेला ख्रिस्ती पंथ म्हणजे आमिश. आज पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना इथे ते घोडागाड्या आणि साधे कपडे जपून राहतात. त्यांच्यातल्या सोज्वळ प्रेमकथांचा एक मोठा कादंबरीप्रकार अमेरिकेत आहे. बेव्हर्ली लुइस यांच्या १९९७ च्या ‘द शनिंग’ने त्याला वाचकवर्ग मिळवून दिला. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक आमिश नसतात, तरी आमिशांच्या जर्मनवळणाच्या बोलीतले शब्द पानापानावर भेटतात. त्यांतला सर्वांत लाडका ‘रुमस्प्रिंगा’. ‘रुम’ म्हणजे भोवती, ‘स्प्रिंगा’ म्हणजे धावणं, उड्या मारणं. सोळाच्या सुमाराला सुरू होणारा तो काळ. पंथात प्रौढपणी, स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घ्यायचा असतो, आणि तो घेण्याआधी मुलामुलींना जरा उंडारता येतं. मराठीत याला ‘हुंदडणं’ म्हणता येईल, आणि अगदी चपखल बसेल.

तरीही अशी कादंबरी कुणी मराठीत आणली तर ‘रुमस्प्रिंगा’ तसाच ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. तळटीपही नको. पहिल्या दोन प्रकरणांत तो शब्द चार पोरांच्या तोंडी आला की वाचणाऱ्या मुलीला कळेल. ‘लखलखा’ हुंगून ऐयार उठून बसला, तेव्हा काशीच्या वाचकांनी कोश उघडला नव्हता.