गोल रंध्याची धार

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की घाट चढून मांजरसुंबा येतं. इथून एक वाट पाटोद्याकडं फुटते, एक केज-अंबाजोगाईकडं. या वाटांनी चालणाऱ्या बैलगाड्यांची चाकं आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या केली. चाकाचा आरा वाकसानं तासायचा आणि मग गोल रंध्यानं त्याला अंग द्यायचं. असे दोन रंधे आमच्याकडं होते. एकाचा तळ फुगीर, तो खोबण काढायचा. दुसऱ्याचा पोकळ, तो दांडा गोल करायचा.

सपाट पात्याला धार कुणीही लावील. गोल पात्याला मात्र दगडही त्याच्या अंगाचा लागतो. आणि दगडाचंच आमच्याकडं दुर्भिक्ष. ऐकून हसू येईल, कारण बालाघाटाचा सगळा डोंगरच काळ्या दगडाचा. पण हा दगड जात्याला, पाट्याला चांगला. पाणी दिलेल्या पोलादाला तो नीट चावत नाही. त्याला कुरुंद पाहिजे. कठीणपणाच्या मापात हिरा 10, कुरुंद 9 आणि गारगोटी 7. कुरुंद यायचा दक्षिणेतून. त्याची पूड लाखेत कालवून सहाणेची चकती करत. एकानं चामड्याचा पट्टा मागंपुढं ओढून ती फिरवायची, दुसऱ्यानं पातं धरायचं.

आता हा कुरुंद घ्यायचा कशानं? त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ 1915 साली निघालं. त्यात बलुतेदारीचा सगळा हिशेब आहे. सुताराला खळ्यावर धान्य मिळायचं. कुळवाचा दांडा मोडला, तिफण खिळखिळी झाली, की वर्षभर हाक येईल तेव्हा जायचं. पण सहाण आणि पातं ज्वारीवर मिळत नसे. त्याला रोकडा पैसा लागे. म्हणून आमचे आबा धार लावण्यापेक्षा पातं राखण्याचा विचार आधी करायचे. म्हणायचे, “खरबरीत दगड धार लवकर देतो रं, पण पातं बी लवकर खातो.” खांडोळी पडली तरच खरबरीत दगड, एरवी बारीकच.

पुढं दगड स्वस्त झाला. अमेरिकेत अॅचेसन नावाच्या माणसानं 1891 साली माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून कृत्रिम दगड काढला, त्याला कार्बोरंडम नाव दिलं. मद्रासला 1954 साली कार्बोरंडम युनिव्हर्सल कंपनी निघाली. मग एक बाजू खरबरीत, एक बाजू बारीक असा दगड आमच्या घरातही आला. फुगीर पातं त्यावर डोलवत घासता येतं. पोकळ पात्याला आबांनी वेगळी तोड काढली: पोकळ रंध्यानंच एक लाकडी दांडा गोल करायचा आणि त्याला पॉलिशपेपर गुंडाळायचा. ज्या गोलाईचा रंधा, त्याच गोलाईची सहाण!

आणखी एक खुबी. पातं रंध्यात तिरकं बसतं. त्यामुळं तळाची गोलाई जशीच्या तशी पात्यावर उतरवली तर ती कमी पडते. पातं 45 अंशात असेल आणि तळ 4 मिलिमीटर फुगीर असेल, तर पात्याला साधारण साडेपाच मिलिमीटर गोलाई लागते. आबांना अंश ठाऊक नव्हते. ते पातं रंध्यात बसवून तळाच्या कडेनं त्यावर खूण करायचे.

विजेचा ग्राइंडर आला तेव्हा गल्लीतली पोरं खूश झाली. त्यावर पातं दाबून धरलं की निळं पडतं; म्हणजे पाणी उतरलं, धार टिकायची नाही. पोलादाला अॅल्युमिनाचं पांढरं चाक बरं, ते कमी तापवतं. तरी हात हलका पाहिजे आणि शेजारी पाण्याचं भांडं.

1972 च्या दुष्काळात खळंच झालं नाही, तर बलुतं कुठलं? सुतार, कुणबी सगळे एकाच रांगेत खडी फोडायला बसले, सुकडी खाऊन दिवस काढले. नंतर ऊसतोडीसाठी टायरगाड्या आल्या आणि आऱ्यांचं काम गेलं.

दोन्ही पाती अजून आहेत, झिजून दोन-दोन बोटं उरलेली. परवा पुतण्यानं फुगीर पातं मागून नेलं. बीडमधल्या एका जुन्या वाड्याच्या चौकटीची खोबण त्याच्या मशीनच्या कुठल्याच बिटाशी जुळत नव्हती. मी पात्याबरोबर बारीक दगडही दिला आणि सांगितलं, “ग्राइंडरला लावू नको. एवढंच पोलाद राहिलंय.”