सागरापार गेलेली विद्या आणि परतलेले चिंतामणराव

कोकणच्या किनाऱ्याला समुद्र कधीच परका नव्हता. कुंडलिका नदी जेथे सागराला मिळते, तेथील चौल हे बंदर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या परकीय प्रवासवर्णनांत उल्लेखिलेले आढळते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी याच बंदरात उतरला. पोर्तुगीज काळात चौलच्या मागांवर विणलेल्या रेशमी वस्त्रांना दूरदेशी मागणी होती. सारांश, या किनाऱ्यावरून कापड गेले, नारळ-सुपारी गेली, व्यापारी गेले आणि परतलेही. मात्र हातात पुस्तक घेऊन, केवळ विद्येसाठी समुद्र ओलांडणारा तरुण या भूमीला फार उशिरा पाहावयास मिळाला.

त्याचे कारण समुद्रात नव्हते, समाजात होते. समुद्रयान हे कलियुगात वर्ज्य मानलेल्या गोष्टींत गणले गेले होते. व्यापारी जातींनी ते बंधन पोटापाण्यासाठी पुष्कळसे सैल केले होते. परंतु शिकलेल्या घरातील मुलगा विलायतेस निघाला की ‘परत आल्यावर पंक्तीला बसवून घ्यायचे की नाही?’ हा प्रश्न प्रथम उभा राही. जाणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्या आई-वडिलांनाच त्याचे ओझे अधिक वाहावे लागे.

पहिली पावले

आपल्या अलिबागचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्याच्या नोकरीत अलिबाग येथे बदलून आले होते आणि बालवयातील आनंदीबाईंच्या शिक्षणाचे आरंभीचे दिवस तेथे गेले. पुढे ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. दुर्दैवाने मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

जैन समाजापुरते पाहिले तर श्री. वीरचंद राघवजी गांधी यांचे स्मरण अपरिहार्य आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये ते पदवीधर झाले. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण प. पू. आत्मारामजी महाराजांना आले होते. परंतु मुनिधर्माच्या आचारामुळे त्यांना जाणे शक्य नसल्याने त्यांनी वीरचंदभाईंना पाठविले. परदेशात त्यांनी शाकाहाराचा नियम मोडला नाही, काठियावाडी पगडीही सोडली नाही. तरीसुद्धा परतल्यावर त्यांना समाजाबाहेर टाकावे, अशी मागणी स्वकीयांपैकीच काहींनी केली होती. ज्यांचे नाव आज आपण अभिमानाने घेतो, त्यांना त्यांच्याच काळात हा अनुभव घ्यावा लागला, ही गोष्ट विसरता कामा नये.

अशा पार्श्वभूमीवर, पुढील पिढीतील ज्या तरुणाने रोह्यासारख्या गावातून निघून केंब्रिज गाठले आणि शिकलेली विद्या मायभूमीच्या पायाशी आणून ठेवली, त्या डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे.

रोह्याचा विद्यार्थी

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी किल्ले रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. बालपण रोहे येथे गेले. त्या काळी कुलाबा जिल्ह्यातून मुंबईला जाणे ही सोपी गोष्ट नव्हती. रोह्यापर्यंत आगगाडी यावयास १९८६ साल उजाडावे लागले. तत्पूर्वीच्या कित्येक पिढ्यांनी धरमतर-रेवसच्या बाजूने होडी, लाँच आणि आगबोटीचाच आधार घेतला. म्हणजे या भागातील मुलाला मुंबईला शिकावयास जाणे हेदेखील एक लहानसे समुद्रगमनच होते.

१९१२ मध्ये चिंतामणराव मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले. संस्कृतसाठी असलेली प्रतिष्ठेची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षणानंतर १९१५ मध्ये ते इंग्लंडला रवाना झाले.

ज्या वर्षी त्यांनी प्रस्थान ठेवले, ते वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिले महायुद्ध सुरू होऊन वर्ष लोटले नव्हते किंवा नुकतेच लोटले होते. समुद्रात पाणबुड्यांचा संचार होता. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला लंडनहून मुंबईकडे येणारे ‘पर्शिया’ हे प्रवासी जहाज भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडविले आणि त्यात तीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. मुंबई आणि विलायत यांना जोडणाऱ्या नेहमीच्या जलमार्गावरच ही घटना घडली. धर्मशास्त्राची भीती एव्हाना बरीच ओसरली होती, पण तिची जागा प्राणभयाने घेतली होती. अशा दिवसांत एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला जहाजावर चढविताना घरच्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना ज्यांनी आपली मुले दूरदेशी पाठविली आहेत त्यांना सहज येईल.

दार लंडनमध्येच होते

जाणे इतके आवश्यक का होते? याचे उत्तर त्या काळच्या राज्यव्यवस्थेत आहे. इंडियन सिव्हिल सर्व्हिस, म्हणजे आय.सी.एस., ही देशाचा कारभार चालविणारी सर्वोच्च सेवा. तिची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून लंडनमध्येच होत असे. कारभार हिंदुस्थानचा, पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून, परंतु परीक्षेचे दार मात्र सहा-सात हजार मैलांवर. ही परीक्षा एकाच वेळी हिंदुस्थानातही घ्यावी, अशी मागणी दादाभाई नौरोजी यांच्यासारख्या नेत्यांनी वर्षानुवर्षे केली. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेने तसा ठरावही संमत केला. पण तो अमलात आला नाही. हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू व्हावयास १९२२ साल उजाडले. तोपर्यंत गुणवान असूनही ज्याच्याजवळ जहाजाचे भाडे आणि विलायतेतील खर्च भागविण्याची ऐपत नव्हती, त्याच्यासाठी ते दार बंदच होते.

चिंतामणरावांनी केंब्रिज येथील जीझस कॉलेजात प्रवेश घेतला. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९१७ मध्ये ते नॅचरल सायन्सेस ट्रायपॉस ही पदवीपरीक्षा उत्तीर्ण झाले. वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्यांनी पटकाविले. पुढील वर्षी, १९१८ मध्ये, लंडन येथे झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. कुंडलिकेकाठी वाढलेल्या मुलाने साम्राज्याच्या राजधानीत जाऊन, साम्राज्याच्याच परीक्षेत सर्वांना मागे टाकले. १९२० मध्ये त्यांचा रोझिना या इंग्रज युवतीशी विवाह झाला.

येथपर्यंतची कथा ही यशाची कथा आहे आणि अशा कथा अनेक आहेत. चिंतामणरावांचे मोठेपण त्यापुढे सुरू होते.

परतल्यानंतर

मायदेशी आल्यावर मध्यप्रांत व वऱ्हाडात त्यांनी दीर्घकाळ शासकीय सेवा केली. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या कामासाठी सचिव म्हणून ते पुन्हा लंडनला गेले. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचे गव्हर्नर झाले. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेचे पहिले दोन्ही गव्हर्नर इंग्रज होते. त्या आसनावर बसणारे पहिले भारतीय म्हणजे आपल्या जिल्ह्याचे चिंतामणराव होत. १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची जी परिषद भरली आणि जिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक जन्मास आल्या, त्या परिषदेत भारताच्या प्रतिनिधींमध्ये ते होते. फाळणीनंतर दोन देशांमध्ये चलन व बँकेची मालमत्ता यांची विभागणी करण्याचे नाजूक काम त्यांच्याच कारकिर्दीत पार पडले आणि १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली.

१९५० मध्ये पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून गेले. व्यापारी वर्गाने त्यांच्या दोन निर्णयांचे विशेष स्मरण ठेवावे. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले. पाच वर्षांत ग्रामीण व निमशहरी भागांत चारशे नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर कायद्याने टाकण्यात आली. ज्या तालुक्याच्या गावी सावकाराची पेढी आणि हुंडी यांखेरीज पैशाचा दुसरा मार्ग नव्हता, तेथे बँकेचा दरवाजा उघडण्याची ही सुरुवात होती. १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २४५ लहानमोठ्या संस्था एकत्र येऊन आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

त्याच १९५६ सालच्या जुलै महिन्यात चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवून केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाशी योग्य विचारविनिमय न करता जाहीर झाला आणि मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही, हे त्यांच्या मनाला पटले नव्हते. उभे आयुष्य शासनाच्या शिस्तीत गेलेल्या, मितभाषी स्वभावाच्या या माणसाने भर लोकसभेत आपली भूमिका मांडली आणि सत्तेचे पद सोडले. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात त्या राजीनाम्याचे मोल फार मोठे आहे.

दारे उघडणारा माणूस

यानंतर त्यांनी जे कार्य हाती घेतले, ते या लेखाच्या विषयाशी अधिक जवळचे आहे. १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. देशातील विद्यापीठांचा दर्जा आणि त्यांना मिळणारा निधी यांची व्यवस्था पाहणाऱ्या या मंडळाला कायद्याने स्थान मिळाले, ते याच सुमारास. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे भूषविले. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९५३ मध्ये ज्यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला, त्या श्रीमती दुर्गाबाई देशमुख याही स्त्रीशिक्षण व समाजकल्याण या क्षेत्रांत अग्रगण्य होत्या. १९५९ मध्ये चिंतामणरावांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९७५ मध्ये पद्मविभूषण. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांनी देह ठेवला. तत्पूर्वी एक वर्षच कुलाबा जिल्ह्याचे ‘रायगड’ असे नामकरण झाले होते.

या सर्व गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे एक सूत्र ध्यानात येते. ज्या तरुणाला परीक्षेचे एक दार उघडण्यासाठी युद्धाच्या काळात समुद्र ओलांडावा लागला, त्याने पुढील आयुष्य आपल्याच देशात दारे उघडण्यात वेचले. बँकेचे दार, विम्याचे दार, विद्यापीठाचे दार. परदेशात जाऊन त्यांनी आपले मूळ सोडले नाही, याचीही साक्ष आहे. मॅट्रिकला ज्या संस्कृत भाषेने त्यांना मान मिळवून दिला, तिची संगत त्यांनी जन्मभर राखली. कालिदासाच्या ‘मेघदूता’चा त्यांनी मराठीत समश्लोकी अनुवाद केला. अर्थसंकल्पाचे आकडे मांडणारा हात यक्षाचा विरहही मराठीत आणू शकत होता.

आज काळ पालटला आहे. पंक्तीचा प्रश्न कोणी विचारीत नाही आणि समुद्र ओलांडावयास काही तास पुरतात. पनवेल, पेण, अलिबाग, रोहे, महाड, मुरूड येथील घरांतूनही मुले-मुली पदवी घेऊन परदेशी जाताना दिसतात. दुकानाच्या गादीवर बसणारा बाप मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढतो आणि विमानतळावरून रात्री परततो. ‘मुलगा परत येईल का?’ हा प्रश्न त्याच्या मनात असतो, पण तो कोणाजवळ बोलत नाही. शंभर वर्षांपूर्वी समाजाला भीती होती ती परतलेल्याला घरात कसे घ्यावे याची. आज भीती आहे ती तो परतेल की नाही याची.

प्रत्येकाने परतलेच पाहिजे, असे म्हणणे योग्य होणार नाही. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी आणि प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे. वीरचंदभाईही एकदा परतून पुन्हा गेले; १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी अमेरिकेतूनच मायदेशासाठी धान्य व निधी मिळविला. परतणे हे केवळ देहाने होत नसते. परंतु जी विद्या घेऊन आपण गेलो आणि जी तेथे मिळविली, तिच्यातील काही भाग आपल्या गावासाठी दार उघडण्याच्या कामी यावा, एवढी अपेक्षा समाजाने ठेवली तर ती अनाठायी नाही. समाजानेही आपले कर्तव्य ओळखावे. शिष्यवृत्ती देताना हात आखडू नये, मुलीलाही मुलाइतकीच संधी द्यावी आणि वेगळ्या वाटेने जाऊन आलेल्याचे स्वागत करताना वीरचंदभाईंच्या काळातील चूक पुन्हा घडू देऊ नये.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मागील पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना पुढील पन्नास वर्षांच्या वहीत पहिली नोंद कोणती करावी, याचा विचार होणे स्वाभाविक आहे. रोह्याहून निघालेल्या त्या विद्यार्थ्याचे नाव त्या पानावर असावे. जमेच्या बाजूला विद्या आणि नावेच्या बाजूला ऋण लिहून, ते ऋण फेडण्यासाठी उभे आयुष्य देणारा असा माणूस आपल्याच मातीत जन्मला होता.