नळाला पाणी येईल का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. भूकंप-नकाशात तोवर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ साली तो तिसऱ्या विभागात गेला.

भूकंप म्हटला की आपल्याला पडलेल्या भिंती आठवतात, जमिनीखालचे पाइप नाही. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत तेच फुटले. आग विझवायला पाणी मिळेना आणि शहर तीन दिवस जळत राहिले.

हे गणित वर्गात करता येते. टाकीपासून दवाखान्यापर्यंत एकापुढे एक १० पाइप आहेत आणि धक्क्यात प्रत्येक टिकण्याची शक्यता ०.९५ आहे, असे समजू. सगळे टिकण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६०. तशीच दुसरी स्वतंत्र वाट असेल, तर दोन्ही तुटण्याची शक्यता ०.४ × ०.४ = ०.१६, पाणी पोहोचण्याची ०.८४. मात्र दोन्ही वाटा एकाच चरात पुरल्या, तर त्या एकदमच तुटू शकतात आणि हा गुणाकार लागू पडत नाही.

परंड्यातल्या मुलांना आपल्या गावाच्या नळांचा नकाशा काढायला सांगा. एकेक रेघ पुसून पाहा: दवाखान्याचे पाणी कुठे तुटते?